बारामती-इंदापूरला किती वॉट पुरतात?

पत्र्याच्या घरावर वीस फुटी लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना आणि पुण्याच्या दिशेला वळवलेलं तिचं तोंड. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिल्यानंतर जिल्ह्याच्या पूर्व भागात हे चित्र घरोघर दिसायचं. पडद्यावर मुंग्या आल्या की घरातला पोरगा वर चढायचा. ‘आलं का?’ तो ओरडायचा. ‘जरा डावीकडं!’ खालून उत्तर यायचं. ज्याच्या खिशात चार पैसे जास्त असत तो बूस्टर आणायचा आणि मग चित्राबरोबर मुंग्याही ठळक व्हायच्या. शेजारचा शहाणा माणूस तेवढ्याच पैशात पाइप दहा फूट वाढवायचा. त्याचं चित्र स्वच्छ दिसायचं.

दोन्ही बाजूंनी बोलायच्या वायरलेस सेटबद्दलचा सगळा वाद या दोन घरांमध्ये सापडतो. गाडीत बसवलेला सेट साधारण २५ वॉटचा असतो, काही ४५-५० वॉटचे. हातातला वॉकी-टॉकी ४ ते ५ वॉटचा. बहुतेक सेटवर ‘हाय’ आणि ‘लो’ अशी सोय असते आणि बहुतेक सेट जन्मभर ‘हाय’वरच राहतात. पॉवर कमी करणं म्हणजे पल्ला घालवणं, अशी सर्वांची समजूत. ती किती खरी, पॉवर कमी कशी करावी, कशी करू नये आणि कुठे मुळीच करू नये, याचा हा आढावा. भूमी आपलीच, बारामती-इंदापूरची घेतली आहे: पश्चिमेला कऱ्हा, दक्षिणेला नीरा, ईशान्येला उजनीचा फुगवटा आणि मधोमध उसाचा पट्टा.

आधी थोडं गणित, कारण वॉटचा आकडा फसवा आहे. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट करायचं तर पॉवर चौपट लागते. जमिनीलगत, दोन गाड्यांमध्ये, हिशेब आणखी कडक होतो. सरळ येणारी लहर आणि जमिनीवरून परतून येणारी लहर एकमेकींना खातात, त्यामुळे अंतर दुप्पट करायला पॉवर सोळापट लागते. हेच उलटं वाचलं की गंमत कळते. २५ वॉटचा सेट ५ वॉटवर आणला, म्हणजे चार-पंचमांश पॉवर टाकून दिली, तरी पल्ल्याचा दोन-तृतीयांश भाग हातात राहतो. पॉवर निम्मी केली तर पल्ला जेमतेम सोळा टक्क्यांनी घटतो. पॉवरच्या या घटीला वायरलेसवाले ३ डेसिबल म्हणतात. ऐकणाऱ्याच्या कानाला हा फरक बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही.

आता जमीन बघू. बारामती-इंदापूर ही दोन्ही गावं सरळ रेषेत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटर लांब आहेत. मध्ये सह्याद्रीसारखा डोंगर नाही, पण पृथ्वीची गोलाई आहेच. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा: एवढ्या किलोमीटरवर तिचं रेडिओ-क्षितिज. जीपच्या टपावरची अँटेना जमिनीपासून २ मीटर धरली तर दोन जीपना साडेअकरा किलोमीटर मिळतात. तीच जीप ३० मीटरच्या मनोऱ्याशी बोलत असेल तर अठ्ठावीस. बारामतीतून इंदापुरातल्या जीपशी थेट बोलायचं ठरवलं तर मनोरा शंभर मीटरच्या वर न्यावा लागेल. त्यासाठी ५० वॉटचा सेट आणून उपयोग नाही. क्षितिजापलीकडे व्हीएचएफ-यूएचएफच्या, म्हणजे अशा सेटच्या, लहरी फारशा वळत नाहीत. पण लासुर्णे-बेलवाडीच्या आसपास, म्हणजे दोन्ही गावांच्या जवळजवळ मधोमध, तीस मीटरवर एक रिपीटर (ऐकलेलं बोलणं पुन्हा पुढे पाठवणारा सेट) उभा केला तर दोन्ही गावं त्याच्या क्षितिजात येतात. पाइप वाढवणारा शेजारी तो हाच.

या मनोऱ्याचा फायदा किती मोठा आहे ते आकड्यात पाहण्यासारखं आहे. बरा रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्ट सिग्नलवरही माणसाचं बोलणं ऐकवतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, दहा किलोमीटरवरच्या ३० मीटर मनोऱ्याशी ५ वॉटवर बोलणाऱ्या जीपचा सिग्नल कागदावर या गरजेच्या हजारपटीहून जास्त भरतो. केबलमधली गळती, इंजिनाचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट, झाडंझुडपं सगळं वजा केलं तरी पुष्कळ उरतं. तिथे २५ वॉट वापरले तर ऐकणाऱ्याला काहीच जास्त मिळत नाही. उलट दोन जीप दहा किलोमीटरवरून आपापसांत बोलत असतील तर ५ वॉटला खरंच धाप लागते आणि २५ वॉट उपयोगी पडतात. म्हणजे प्रश्न ‘किती वॉट?’ एवढाच नाही. ‘कुणाशी बोलताय?’ हा त्याचा अर्धा भाग आहे.

ऊस आणि पाणी या दोघांनाही इथे विसरून चालत नाही. पुरुषभर-दीड पुरुष वाढलेल्या आडसाली उसाच्या फडात हातातला सेट घेऊन उभा राहिलेला माणूस हिरव्या, पाणीदार भिंतींमध्ये उभा असतो. ही हिरवाई वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खाते, म्हणून फडात यूएचएफपेक्षा व्हीएचएफ बरी. पॉवर वाढवून फडाबाहेर पडण्यापेक्षा बांधावर किंवा ट्रॉलीवर चढून बोलणं स्वस्त. कंबरेला पट्ट्यात सेट अडकवून खांद्याच्या माइकवर बोलणाऱ्याचं तर अर्ध्याहून जास्त सामर्थ्य त्याच्या अंगातच जिरतं. उजनीच्या काठावर वेगळाच खेळ असतो. भिगवण-कुंभारगावच्या बाजूने करमाळ्याच्या काठाकडे बोलताना सपाट पाणी आरशासारखं वागतं. सरळ लहर आणि पाण्यावरून उडालेली लहर एका जागी जुळतात, दुसऱ्या जागी एकमेकींना मारतात. अशा मेलेल्या जागी माणूस पॉवर वाढवतो आणि वैतागतो. दोन पावलं सरकला असता, सेट हातभर वर-खाली केला असता, तर काम झालं असतं.

आता या प्रश्नाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाजू. जास्तीची पॉवर आपल्याला फारसं काही देत नाही, पण दुसऱ्याकडून बरंच घेते.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी उंडवडीवरून बारामतीत येते. पुढे काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीवरून नीरा ओलांडून पलीकडचा जिल्हा. काही दिवसांसाठी या दोन तालुक्यांच्या एका रस्त्यावर एक अख्खं शहर चालत असतं. बंदोबस्त, रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, विजेची माणसं, स्वयंसेवक यांच्या हातातले सेट एरवी जिल्हाभर विखुरलेले असतात. इथे ते हाताच्या अंतरावर येतात. रिंगणाच्या एका कडेला उभ्या माणसाला समोरच्या कडेशी बोलायचंय, अंतर दोन-तीनशे मीटर. तो ५ वॉटवर बोलला तर त्याचं बोलणं रिंगणाबाहेरही काही किलोमीटर जातं. मागच्या गावात त्याच चॅनेलवर कुणी डॉक्टरला हाक मारत असेल तर ती हाक दबते.

एफएम रिसीव्हरचा एक स्वभाव आहे: एकाच चॅनेलवर दोघे आले तर तो दोघांचं मिश्रण ऐकवत नाही, जो जोरदार असेल त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला गिळून टाकतो. पुष्कळदा ज्याची हाक गिळली गेली त्याला कळतही नाही. पॉवर कमी असेल तर हाच स्वभाव मित्र होतो. रिंगणातली माणसं आपापलं जवळचं बोलणं धरतात, दोन गावं पलीकडचा गट तेच चॅनेल बिनधास्त वापरतो. एकाच चॅनेलमध्ये दोन संसार सुखाने नांदतात.

शेजारच्या चॅनेललाही त्रास होतोच. दोन सेट जवळजवळ उभे राहून एकाच वेळी बोलले की तिसऱ्याच्या रिसीव्हरमध्ये त्यांच्या फ्रिक्वेन्सींची बेरीज-वजाबाकी होऊन भुतं तयार होतात. एकाच्या दुपटीतून दुसरा वजा केला की नेमकी एखादी कामाची फ्रिक्वेन्सी निघते आणि तिथे कुणी बोलत नसतानाही गोंगाट येतो. इथलं गणित मात्र आपल्या बाजूचं आहे. दोन्ही सेटची पॉवर निम्मी केली तर हे भूत निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. दोन मंडळांच्या डॉल्बी समोरासमोर आल्यावर काय होतं ते आपण दर गणपतीत पाहतो. प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकू येत नाही म्हणून आपला आवाज वाढवतो आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही. वायरलेसवर हे भांडण कानावर येत नाही, एवढाच फरक.

कमी पॉवर हेच धोरण म्हणून स्वीकारलेलं उदाहरण बारामतीतच आहे. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ मेगाहर्ट्झवर आहे, कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ वर. देशभर इतर सामुदायिक रेडिओही याच मोजक्या फ्रिक्वेन्सींवर बोलतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, कारण अशा केंद्राची परिणामी प्रक्षेपण शक्ती साधारण १०० वॉट आणि अँटेना ३० मीटरपर्यंत ठेवायची हा नियमच आहे. पंचक्रोशीला ऐकू येईल एवढा आवाज. एखाद्या उत्साही केंद्राने दहा किलोवॉट ठोकून दिले असते तर ही सगळी वाटणी कोसळली असती.

आणि याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यात खोडदला, जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्या ज्या फ्रिक्वेन्सींवर आकाश ऐकतात त्यांतच आपल्या व्हीएचएफ आणि यूएचएफ वॉकी-टॉकींचे पट्टे येतात. जागा निवडताना तिथे रेडिओचा गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं. इंदापुरातली जीप खोडदपर्यंत पोचत नाही, हे खरं. पण ‘आपलं बोलणं कुठवर जातं?’ हा प्रश्न चैनीचा नाही हे कळायला ते तीस कान पुरेसे आहेत.

पॉवर कमी करायची कशी? सर्वांत सरळ रस्ता म्हणजे सेटमध्ये मुळात दिलेली सोय. चॅनेलवार पॉवर ठरवता येते. संगणकाला केबल लावून सेट ‘प्रोग्रॅम’ करताना रिपीटरच्या चॅनेलला ‘लो’ आणि गाडी-ते-गाडी चॅनेलला ‘हाय’ असं एकदाच लिहून टाकावं. माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडू नये. घाईत कुणी बटण बघत नाही.

या सोयीमागे सेटच्या पोटात एक छोटं चक्र चालू असतं. बाहेर जाणाऱ्या पॉवरचा थोडा अंश चाखून पाहायचा, ठरलेल्या पातळीशी ताडायचा आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरला मिळणारा जोर त्याप्रमाणे कमी-जास्त करायचा. जुन्या सेटमध्ये ही पातळी एका बारीक स्क्रूने फिरवता येते. तो स्क्रू फिरवायचा मोह आवरलेलाच बरा. कंपनीने ज्या मर्यादेत चक्र स्थिर राहील असं बघितलं असतं तिच्या खाली ओढलं की काही सेट डळमळतात आणि नको त्या फ्रिक्वेन्सींवर कचरा फेकू लागतात. शेजाऱ्याचा त्रास कमी करायला निघालेला माणूस तो वाढवून बसतो. स्क्रू फिरवायचाच असेल तर अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा डमी लोड, वॉटमीटर आणि जमल्यास स्पेक्ट्रम ॲनालायझर समोर हवा.

उरलेले उपाय म्हणजे जुगाड. बॅटरीचा व्होल्टेज कमी देणे हा त्यातला सर्वांत वाईट. आतले रेग्युलेटर मान टाकतात, फ्रिक्वेन्सी घसरते आणि सेट मधेच बंद पडतो. सेट आणि अँटेनाच्या मध्ये अटेन्युएटर, म्हणजे पॉवर जिरवणारी डबी, बसवली तर पॉवर कमी होते खरी, पण २५ वॉटपैकी २० वॉट त्या डबीत उष्णता होऊन जातात, बॅटरी तेवढीच खर्च होते आणि येणारा सिग्नलही त्याच डबीतून लंगडत येतो. वाईट केबलने आपोआप पॉवर कमी होते असं कुणी गमतीने म्हणेल. आरजी-५८ ही बारीक केबल दहा मीटर टाकली तर १५० मेगाहर्ट्झला एक-तृतीयांशाहून जास्त पॉवर तिच्यातच जिरते, यूएचएफला त्याहून जास्त. पण ती येताना-जाताना दोन्हीकडे खाते. कमी बोलायचं असतं. कमी ऐकायचं कधीच नसतं. अँटेना आणि केबल उत्तमच हवी, कपात फक्त सेटच्या आत.

बॅटरीची बचत होते, पण लोक समजतात तेवढी नाही. शेवटचा ट्रान्झिस्टर पूर्ण जोरावर सर्वांत कार्यक्षम असेल असा बेतलेला असतो. म्हणून पॉवर पाचपट कमी केली तरी विजेचा खर्च पाचपट कमी होत नाही, निम्म्याच्या आसपास येऊन अडकतो. हातातल्या सेटला मात्र एवढीही बचत जाणवते. रात्रपाळीच्या राखणदाराचा सेट पहाटेपर्यंत टिकतो. सेट कमी तापतो, हाही फायदा. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डखाली काय तापमान असतं हे इथल्या कुणाला सांगायला नको.

एक धोका वेगळा सांगायला हवा. विहिरीचे सुरुंग. या तालुक्यांच्या दुष्काळी भागात खडक फोडून विहिरी खणणं काही नवं नाही. विजेवर उडणाऱ्या डेटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात आणि जवळच्या ट्रान्समीटरमुळे त्यांत प्रवाह खेळू शकतो. सुरक्षित अंतर पॉवरच्या वर्गमुळाबरोबर वाढतं, म्हणजे पॉवर चौथा हिस्सा केली की अंतर निम्मं होतं. पण सुरुंगाजवळ ‘लो’ हे उत्तर नाही. तिथे सेट बंद.

कायद्याची बाजू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ नियमांच्या पंधराव्या कलमातच म्हटलं आहे की समाधानकारक सेवेला लागेल तेवढीच शक्ती प्रक्षेपित करावी. आपल्याकडे १८८५ चा तार कायदा, १९३३ चा वायरलेस कायदा आणि आता त्यांची जागा घेणारा २०२३ चा दूरसंचार कायदा. वायरलेस चालवायला परवाना लागतो आणि त्यात फ्रिक्वेन्सीबरोबर पॉवरची मर्यादाही असते. ती मर्यादा आहे, सक्ती नाही. २५ वॉट लिहिलेत म्हणून २५ वापरलेच पाहिजेत असं नाही. परवान्याशिवाय वापरता येतील असे काही पट्टे आहेत: २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ५ वॉटपर्यंत आणि २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर अल्पशक्तीचे हातातले सेट. ऑनलाइन दुकानांत मात्र कुठल्याही फ्रिक्वेन्सीचे स्वस्त वॉकी-टॉकी मिळत राहिले, लग्नाच्या मंडपात आणि बांधकामावर दिसत राहिले. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल नोटिसा काढल्या आणि नियमावली आणली. आपल्या हातातला सेट पोलिसांच्या किंवा विमानांच्या पट्ट्यात तर बोलत नाही ना, हे पॉवरच्याही आधी तपासायला हवं. बारामतीला विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक घडतात.

पॉवर लागेल तेवढीच ठेवण्याचं हे काम खिशातला मोबाइल कधीपासून मुकाट्याने करतो आहे. टाटा इंडिकॉम आणि रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवतात? त्या व्यवस्थेत सगळे फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायचे. मनोऱ्याजवळचा फोन जोरात बोलला असता तर लांबच्या वस्तीवरचा बुडाला असता, म्हणून मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला आठशे वेळा सांगायचा: कमी कर, वाढव, कमी कर. आपल्या जुन्या वायरलेस सेटमध्ये असं सांगणारं कुणी नाही. ते काम ड्रायव्हरने किंवा प्रोग्रॅम करणाऱ्याने करायचं आहे.

आता विरोधी बाजू, कारण ती खोटी नाही. अपघाताच्या जागी, पुराच्या रात्री, पुणे-सोलापूर महामार्गावर उलटलेल्या टँकरपाशी उभ्या माणसाला ‘लो’चं तत्त्वज्ञान सांगू नये. वीर-उजनी धरणांतून विसर्ग वाढला की नदीकाठच्या गावांत निरोप पोचायलाच हवा. तिथे ‘हाय’ हेच बटण. ५ वॉटवर कुजबुजत दहा वेळा ‘परत सांगा’ म्हणायला लावण्यापेक्षा २५ वॉटवर एकदा स्पष्ट बोलणं चॅनेललाही परवडतं. माझा आक्षेप एवढाच की संकटासाठी ठेवलेली ताकद आपण रोज चहा सांगायला वापरतो.

किती पुरतं ते ठरवायची रीत सोपी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. हंगाम भरात असताना, ऊस उभा असताना, एक गाडी घ्या. सेट ‘लो’वर ठेवा. बारामतीतून निघा आणि काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशा प्रत्येक थांब्यावर केंद्राला एकच वाक्य सांगा. पलीकडच्याने वहीत लिहायचं: स्पष्ट, तुटक, नाही. परतताना तेच ‘हाय’वर करा आणि दोन्ही रकाने शेजारी ठेवा. फरक बहुधा दोन-तीन ठिकाणीच दिसेल. नकाशावर त्या ठिकाणी लाल पेन्सिलीने खूण करून नकाशा ड्रायव्हरच्या समोर चिकटवून टाका: खूण आली की बटण दाबायचं, खूण मागे पडली की परत खाली.